जुन्या संगणकाची किंमत कोण ठरवतो?

शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर हा मोठा गमतीचा दस्तऐवज असतो. पृथ्वीचा गोल, लाकडी घडवंची, स्पिरिटचे दिवे, घंटा या नोंदींच्या खाली गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक नवी नोंद दिसू लागली : संगणक संच एक, प्रिंटर एक. रकान्यात खरेदीची किंमत लिहिली जाते आणि ती तशीच राहते. यंत्र बंद पडून कपाटात जाते, त्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन बसतात, पण रजिस्टरात ते अजूनही चाळीस हजारांचे असते. मग निर्लेखनाची वेळ येते आणि मुख्याध्यापकांना प्रश्न पडतो की आजची किंमत काय धरायची? भंगारवाला वजनावर सांगतो. हिशेब तपासनीस टक्केवारीने सांगतो. एखादा माजी विद्यार्थी म्हणतो, "सर, टाकू नका, परदेशात याला भरपूर पैसे देतात." गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

राजापूर तालुक्यातील नाटे गावाचा विचार करा. एका अंगाला जैतापूरची खाडी आणि तिच्यावर लक्ष ठेवून असलेला यशवंतगड, दुसऱ्या अंगाला समुद्र. अशा गावात यंत्र दोन घड्याळांनी म्हातारे होते. एक घड्याळ जगाचे, ते सगळीकडे सारखेच चालते. दुसरे घड्याळ खाऱ्या हवेचे, आणि ते पुण्या-नाशकापेक्षा इथे बरेच जलद चालते. आधी पहिल्या घड्याळाविषयी बोलू.

वस्तू जशीच्या तशी राहावी आणि तिची किंमत मात्र जावी, हा अनुभव या खाडीला नवा नाही. सतराव्या शतकात खाडीच्या वरच्या टोकाचे राजापूर हे कोकणातले नावाजलेले बंदर होते. इंग्रजांची वखार तिथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिला खणत्या लावल्या, हे आपण इतिहासात शिकवतो. पुढे खाडीत गाळ भरत गेला, जहाजे मोठी होत गेली आणि मोठ्या गलबतांना वरपर्यंत येणे जमेना. राजापूरचा धक्का होता तसाच होता. त्याच्याभोवतीचे जग बदलले, म्हणून त्याचे मोल बदलले. संगणकाचे नेमके असेच होते, फक्त बंदराला दोनशे वर्षे लागली तिथे संगणकाला पाच-सात वर्षे पुरतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईत घडले. ऑक्टोबर १९५९ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने '१४०१' नावाचा संगणक जाहीर केला. व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर वापरणारा, छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारा आणि पगारपत्रके, बिले, साठ्याचे हिशेब करणारा हा कारकुनी संगणक होता. त्याची स्मृती कमीत कमी १,४०० अक्षरांची. वाढवून १६,००० अक्षरांपर्यंत नेता येई. आपल्या हातातला लेख तिच्यात जेमतेम मावेल. पण त्याच्यासोबत आलेला '१४०३' हा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे, म्हणजे साधारण सात सेकंदांत एक पान. अनेक गिऱ्हाइकांनी संगणकापेक्षा या प्रिंटरसाठीच तो घेतला असे म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे. दहा हजारांहून अधिक १४०१ तयार झाले. भारतात हा संगणक १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीच्या कार्यालयात आला.

आता त्याच्या किमतीकडे वळू. बहुतेक गिऱ्हाइके हे यंत्र विकत घेत नसत, भाड्याने घेत. अमेरिकेत साध्या संचाचे भाडे महिन्याला २,५०० डॉलरपासून सुरू होई. म्हणजे वर्षाचे ३०,००० आणि चार वर्षांचे १,२०,००० डॉलर. चार-पाच वर्षांत यंत्राचा खर्च भाड्यातूनच फिटत असणार, हे सांगायला हिशेब तपासनीस नको. १९६४ मध्ये आयबीएमनेच 'सिस्टिम/३६०' ही नवी मालिका जाहीर केली. तिकडची गिऱ्हाइके नव्याकडे वळली आणि भाड्याचे जुने १४०१ कंपनीकडे परत येऊ लागले. तिकडे त्यांना आता कोण विचारणार? वहीत त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आलेली.

ही वापरलेली यंत्रे भारतात आणली गेली, मुंबईच्या कारखान्यात झिजलेले भाग बदलून पुन्हा चालती केली गेली आणि आपल्या सरकारी खात्यांना, रेल्वेला, गिरण्यांना, कंपन्यांना भाड्याने दिली गेली. भाडे मात्र वापरलेल्या वस्तूचे नव्हते. आयबीएमने १९७१ मध्ये १४०१ ची विक्री बंद केली, तरी आपल्याकडे तो सत्तरच्या दशकातही कामाला जुंपलेला होता. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झडती घेतली, तेव्हा या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले गेले. परकीय चलनाच्या चणचणीचा तो काळ. डॉलर मोजून आणायच्या वस्तूंची यादी लांब होती आणि दुसऱ्याने टाकलेल्या यंत्राचे पूर्ण भाडे भरणे कोणालाही टोचणारच.

पण इथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहू. एखाद्या गिरणीला दर महिन्याला पाच हजार कामगारांचे पगारपत्रक हवे आहे. ते काम १४०१ बिनचूक करतो. शेजारी दुरुस्तीला माणूस हजर आहे, कार्डे मिळतात, प्रिंटरची फीत मिळते. त्या गिरणीच्या दृष्टीने यंत्राचे मोल कमी झालेले नाही, कारण तिची गरज बदललेली नाही. आमच्या मते आयबीएमने यातून अवाजवी फायदा उकळला हे खरेच. पण तो उकळता आला, कारण जुन्या यंत्राची किंमत यंत्राच्या वयात नसून त्याच्या आसपासच्या परिस्थितीत असते, हे कंपनीला ठाऊक होते आणि आपल्या खरेदी खात्यांना नव्हते. तेव्हा दुसरा विक्रेता सहजी मिळत नव्हता आणि तिकडे त्याच यंत्राला काय भाव उरला आहे हे विचारणारे कोणी नव्हते.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला भाग ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितले. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून गेली. यंत्रे मात्र इथेच राहिली. त्या क्षणी त्यांची किंमत कशावर अवलंबून होती? दुरुस्ती कोण करणार, एवढ्या एकाच गोष्टीवर. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने देखभालीचे काम उचलले, म्हणून ती चालू राहिली. तसे झाले नसते तर मुंबईतल्या वातानुकूलित खोल्यांत उभी असलेली ती कपाटे महिन्याभरात लोखंडाच्या भावाची झाली असती.

या गोष्टीला एक तिसरा अंकही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे संगणक इतिहासाचे संग्रहालय आहे. तिथे आयबीएमच्या निवृत्त अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून दोन १४०१ पुन्हा चालू केले. एक जर्मनीतून आणलेला, दुसरा अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यातून. म्हणजे एकच यंत्र आधी लाखाचे, मग शून्याचे, मग दुसऱ्या देशात पुन्हा लाखाचे आणि अखेरीस अमोल. यंत्रात या काळात बदल कितीसा झाला? थोडी झीज, एवढेच.

अमोल हा शब्द आम्ही जपून वापरत आहोत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह असलेले हे यंत्र आपल्या माणसांनी आपल्या हातांनी रचले होते. जगात तसे दुसरे नव्हते. म्हणूनच पुनर्विक्रीच्या दृष्टीने त्याला काही किंमत नव्हती; घेणार कोण, आणि सुटे भाग आणणार कोठून? इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यासारखी वस्तू देशात नाही. बाजारभाव आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

दुर्मिळता आणि मागणी एकत्र आल्या की काय होते, ते 'ॲपल-१' या संगणकात दिसते. १९७६ मध्ये त्याची किंमत ६६६.६६ डॉलर होती आणि असे संगणक बनले फक्त दोनशेच्या आसपास. पुढे कंपनीने नव्या यंत्राच्या बदल्यात जुने परत घेऊन मोडून टाकले, त्यामुळे उरले आणखी थोडे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातील एकाला ९,०५,००० डॉलर मिळाले. त्याच कंपनीचा 'ॲपल-२' त्याच्याहून कितीतरी गुणी यंत्र, पण तो लाखोंनी खपला. आज तो हौशी माणसाला अगदी आवाक्यातल्या भावात मिळतो. बातमी मात्र पहिल्याचीच छापली जाते आणि माजी विद्यार्थ्याच्या डोक्यात तीच राहते.

आता हिशेब तपासनीसांचे गणित पाहू, कारण ते वर्गात घेण्याजोगे आहे. आयकराच्या नियमात संगणकाचा घसारा अनेक वर्षे ६० टक्के होता. २०१७ पासून तो ४० टक्के झाला. ४०,००० रुपयांचा संच ६० टक्क्यांनी घसरत गेला तर पहिल्या वर्षानंतर १६,०००, मग ६,४००, मग २,५६० आणि चौथ्या वर्षाअखेर १,०२४ रुपये. (संगणकाच्या हिशेबात १,०२४ हा आकडा यावा, हा निव्वळ योगायोग!) ही भूमिती श्रेढी आहे, त्यामुळे ती कधीच शून्याला पोचत नाही. नेमके तेच रजिस्टरात होते : काहीतरी शिल्लक राहतेच.

हा वेग आला कोठून? गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळात दुप्पट होते हे दाखवले, आणि १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षांचा धरला. दोन वर्षांत त्याच पैशात दुप्पट मिळणार असेल, तर जुन्याची किंमत दोन वर्षांत निम्मी, म्हणजे वर्षाला सुमारे २९ टक्क्यांनी घसरायला हवी. प्रत्यक्षात बाजार याहून जलद उतरतो. कारण नवे सॉफ्टवेअर नव्या यंत्राला धरून लिहिले जाते आणि जुन्या यंत्रावर ते चालतच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या मालाचा भाव विचारून पाहा. दुकानदार यंत्राचे वय विचारत नाही, त्यावर काय चालते ते विचारतो.

मग शाळेच्या कपाटात काही मोलाचे असू शकते का? असू शकते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातील २५० शाळांपासून संगणक शिक्षणाची सुरुवात झाली. त्यासाठी निवडलेले यंत्र होते इंग्लंडातील एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो'. स्मृती ३२ किलोबाइट, सोबत कॅसेट किंवा फ्लॉपी, पडदा म्हणून मॉनिटर किंवा चक्क टीव्ही. ही यंत्रे आपल्याकडे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने 'युनिकॉर्न' नावानेही काढली. बीबीसी मायक्रो पंधरा लाखांच्या वर बनले, त्यामुळे इंग्लंडात ते दुर्मिळ नाहीत. पण भारतीय नावपट्टी असलेले युनिकॉर्न क्वचितच दिसतात. ज्या जुन्या शाळेत 'क्लास' प्रकल्प पोचला होता, तिने कपाट उघडून नावपट्टी जरूर वाचावी. आणि डेडस्टॉक रजिस्टरातले ते पानही जपावे. तारीख, बिल क्रमांक, कोणत्या योजनेतून आले याची नोंद हा यंत्राच्या कुळाचा दाखला असतो. संग्राहक त्या दाखल्याचे वेगळे पैसे मोजतात, संग्रहालये तर आधी तोच विचारतात.

मात्र चालते का हे पाहण्यासाठी घाईने वायर सॉकेटमध्ये खुपसू नका! इथे नाट्याच्या खाऱ्या हवेचे दुसरे घड्याळ येते. त्या काळातल्या विद्युतपुरवठ्याच्या पेटीत कागदी कपॅसिटर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले धारित्र, वापरलेले असे. वर्षे गेली की त्याच्या पारदर्शक आवरणाला बारीक तडे जातात आणि कागद दमट हवेतले पाणी शोषून घेतो. वीज सुरू केली की काही मिनिटांत ते तडकते आणि खोलीभर घाण वासाचा धूर होतो. चार पावसाळे कोकणात काढलेल्या यंत्राला हा धोका अधिक. आधी पेटी उघडून तडे पाहावेत. जाणकाराकडून तो एक भाग बदलून घेतला की यंत्र अनेकदा ठणठणीत निघते. पेटी उघडण्याचे कामही त्यालाच सांगावे, आतल्या भागांत विद्युतभार राहिलेला असू शकतो.

ऐंशीच्या दशकाअखेरीच्या आणि नव्वदच्या दशकातील पीसींमध्ये आणखी एक शत्रू लपलेला असतो. तारीख-वेळ टिकवण्यासाठी मुख्य पाटीवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डकवलेली असे. ती गळते आणि भोवतालच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. लोक म्हणतात "ॲसिड सांडले". प्रत्यक्षात ते आम्ल नसून अल्क आहे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ओल्या तांबड्या लिटमसने ताज्या गळतीची खात्री करून घेता येते आणि सौम्य व्हिनेगरने डाग उदासीन करता येतो. हातमोजे मात्र घाला. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकला घाबरू नये, तो बहुतांशी प्रकाशाचा परिणाम असतो. गंजलेली पाटी किंमत पार खाली आणते, पिवळी पेटी थोडीच.

प्रिंटरचे गणित निराळे आणि खरे तर सोपे आहे. प्रिंटरची किंमत म्हणजे त्याच्या खाद्याची किंमत. इंकजेटचे तोंड शाई वाळून बंद झाले आणि काडतूस बाजारातून गेले की तो ठोकळा होतो. टाचण्यांनी फितीवर ठोके देणारा डॉट मॅट्रिक्स मात्र टिकून राहिला, कारण कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढणे हे लेझरला जमत नाही. ठोका मारावाच लागतो. बिले, पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या यांसाठी तो आजही नवा विकला जातो, फीत मिळते, आणि म्हणून जुन्यालाही भाव आहे. म्हातारा म्हणून हिणवलेला प्रिंटर त्याच्याच वयाच्या संगणकापेक्षा जास्त पैसे आणू शकतो, तो यामुळे.

उरला भंगारवाला. तोही मूर्ख नाही. संगणकाच्या एक टन पाट्यांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोने निघू शकते. कर्नाटकात कोलारच्या खाणीत अखेरच्या काळात टनाला काही ग्रॅमच निघत असे. १९९५ चा 'पेंटियम प्रो' हा सोन्याने समृद्ध प्रोसेसर तर चालण्यापेक्षा वितळवण्यासाठीच अधिक शोधला जातो. पण उघड्यावर आम्लात पाट्या बुडवून सोने काढणारे हात अनेकदा लहान मुलांचे असतात आणि जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये किलो-दोन किलो शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू झाले, २०२२ मध्ये ते नव्याने आले. निर्लेखित यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावे. भाव थोडा कमी मिळेल, तो घ्यावा.

त्याआधी पेटीच्या आत एकदा डोकवावे. आपल्या भाषेच्या इतिहासाचा एक तुकडा तिथे खोचलेला असू शकतो. इंग्रजी अक्षरांसाठी नऊ टाचण्यांचा प्रिंटर पुरे, पण शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार आणि जोडाक्षर नऊ ठिपक्यांच्या उंचीत कसे बसणार? पीसीवर आणि प्रिंटरवर भारतीय लिप्या आणण्यासाठी आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी काम केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि तिथे ते 'जिस्ट' या नावाने पुढे गेले. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की पडद्यावर मराठी उमटे. त्यामागची 'इस्की' ही अक्षरांची सांकेतिक पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. पुढे युनिकोडने तिची जागा घेतली. आज त्या कार्डाला भंगारात काही रुपये येतील. त्या कार्डावर टंकलिखित केलेली शाळेची स्मरणिका, गावाच्या नोंदी, एखाद्या गुरुजींनी गोळा केलेली बोलीतली शब्दसूची ज्या फ्लॉपीवर असेल, तिला तेवढेही नाही.

कोकणात फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते. कपाटातला सव्वापाच इंची ड्राइव्ह अजून फिरत असेल, तर निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव सर्वांत शेवटी घालावे आणि त्याआधी कपाटातली प्रत्येक फ्लॉपी जाणकाराच्या हातून एकदा वाचून घ्यावी. बुरशी दिसली तर आधी पुसून. नाहीतर ड्राइव्हचे डोके खराब होते आणि पुढची फ्लॉपीही जाते.